चार चॅनेलांत रूपक: एका अडलेल्या रचनेचं प्रकरण

या प्रकरणातला माणूस भोसरीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीचे, म्हणजे आकड्यांच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनचे, प्रोग्रॅम लिहितो. चाळिशीच्या जरा अलीकडचा. लहानपणी काकांकडे तबल्याचे जुजबी धडे घेतले, तेवढंच त्याचं संगीतशिक्षण. रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून लॅपटॉपवर ट्रॅकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये संगीत बनवत बसतो आणि ते चार-पाच मित्रांपलीकडे कोणाला ऐकवत नाही. नाव छापायचं नाही ही त्याचीच अट. त्या चार-पाचांतला मी एक, आणि छंद माझाही हाच. त्याची एक रचना बरेच महिने अडून बसली होती. ती का अडली आणि कशी सुटली हे जवळून बघायला मिळालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ट्रॅकर पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनवर उभे रकाने असतात, प्रत्येक रकाना म्हणजे एक चॅनेल. वेळ वरून खाली जाते. एका ओळीत स्वर, सॅम्पलचा (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्याचा) नंबर आणि एखादा इफेक्ट, म्हणजे आवाजाचं काय करायचं त्याचा कोड, लिहायचा: ‘जी-२ ०३ ३०५’, म्हणजे तीन नंबरचं सॅम्पल सध्याच्या स्वरावरून घसरत जी-२ वर ने, घसरण्याचा वेग पाच. अशा ओळींचा एक पॅटर्न, आणि पॅटर्न कुठल्या क्रमाने वाजवायचे त्याची ऑर्डर लिस्ट. झालं गाणं. ही मांडणी १९८७ साली कार्स्टेन ओबार्स्कीने अमिगा कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून चालत आली आहे. अमिगाच्या पॉला चिपला एका वेळी चारच आवाज काढता यायचे, तेही आठ बिटी, म्हणून रकाने चार. पुढे पीसीवर फास्टट्रॅकर २, इम्पल्स ट्रॅकर वगैरे आले आणि चॅनेलांची चणचण संपली. आज ओपनएमपीटी फुकट मिळतो. आमचा मित्र तोच वापरतो.

आपल्याकडे अमिगा फार थोड्यांनी पाहिला असेल. आमच्या पिढीने ट्रॅकरचं संगीत पहिल्यांदा ऐकलं ते चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत. की-जनरेटरची छोटी खिडकी उघडली की स्पीकरमधून टुणटुणत एक धून सुरू व्हायची, आणि सीरियल नंबर उतरवून झाल्यावरही ती बंद करवत नसे. मित्राला गोडी लागली ती तिथूनच. पण तो ट्रॅकरवर टिकला त्याचं कारण त्याची नोकरी आहे असं मला वाटतं. सीएनसीचा प्रोग्रॅमही ओळीओळीने खाली जातो आणि प्रत्येक ओळीत अक्षर आणि आकडा. ‘जी०१ एक्स४५ एफ२००’ दिवसभर वाचणाऱ्याला पॅटर्न परका वाटत नाही. योगायोग असा की मशीनवर एफ म्हणजे फीड, कटिंगचा वेग, आणि मॉड या अमिगाच्या जुन्या फाइल फॉरमॅटमध्येही एफ हा वेगाचाच कोड. मशीनवर नवीन प्रोग्रॅम ‘सिंगल ब्लॉक’वर टाकून एकेक ओळ चालवून बघायची त्याची सवय आहे. ओपनएमपीटीतही तो तसंच करतो, एक ओळ वाजवतो, थांबतो, पुढची वाजवतो. हे कंटाळवाणं काम तो तासन् तास करू शकतो. मला नाही जमत.

पहिली आवृत्ती

रचनेची कल्पना साधी होती. रूपक तालात, भूपाच्या अंगाने जाणारी एक चाल, आणि खाली कारखान्याचे आवाज. आवाज त्याने एका ओळखीच्याच्या जॉबवर्कच्या शेडमध्ये रविवारी जाऊन फोनवर घेतले: स्पिंडल वेग पकडताना चढत जाणारा सूर, कूलंटचा फवारा, टूल चेंजरचा ‘खटॅक’, एअर गनची फुस्स. तबला काकांचा. त्याची शाई थोडी उडालेली आहे आणि दायां (उजव्या हाताचा तबला) पेटीच्या काळी एकच्या किंचित खाली बसला होता, पण ‘तीं’ छान गोल येत होता. फोनच्या आवाज स्वच्छ करणाऱ्या सोयीने शेपट्या मात्र खाल्ल्या. ‘तीं’ विरायच्या आत कापला जायचा. ती सोय बंद करून पुन्हा घ्यावं लागलं.

पहिली आवृत्ती त्याने इम्पल्स ट्रॅकरच्या आयटी फॉरमॅटमध्ये बांधली. तिथे चॅनेल भरपूर, प्रत्येक सॅम्पलला वेगळी सजावट, आणि एकाच चॅनेलवर नवीन स्वर आला तरी जुना मागे विरत राहण्याची सोय. पॅटर्न २८ ओळींचा: सात मात्रा, प्रत्येक मात्रेला चार ओळी. चौदा चॅनेल भरले. रिव्हर्बचं, म्हणजे आवाज घुमवणारं, प्लगिन लावलं. मला ऐकवलं तेव्हा पहिल्या दहा सेकंदांत मी ‘वा’ म्हणालो. तिसाव्या सेकंदाला मी पुढे काय होतं याची वाट बघत होतो. पुढे काही होत नव्हतं. तीच दोन आवर्तनं फिरत राहिली.

हा आजार हौशी मंडळींत सर्रास आढळतो. लूप छान जमतो, गाणं होत नाही. ‘शिस्त कमी पडते’, ‘रोज थोडं थोडं पुढे न्या’ असे सल्ले यावर मिळतात. इथे ते लागू नव्हते. शिस्त त्याच्याकडे माझ्यापेक्षा दुप्पट आहे, आणि तो रोज बसतही होता. पण बसला की लूपच आणखी घासायचा: एअर गनची फुस्स अर्धी ओळ मागे, स्पिंडलचा आवाज थोडा उजवीकडे.

एका रात्री आम्ही दोघांनी एकेक चॅनेल बंद करून ऐकलं. कुठलाही बंद केला की काहीतरी गेल्यासारखं वाटायचं. कूलंटचा फवारा काढला तरी पोकळ. तेव्हा मला उलगडलं की गोची कुठे आहे. त्याने चौदाच्या चौदा आवाज एकमेकांवर टेकवून उभे केले होते. सगळं साहित्य पहिल्या आवर्तनातच हजर. कोणाला बाहेर काढलं तर घर पडतं, आणि कोणी बाहेर गेल्याशिवाय कोणी आत येऊ शकत नाही. ऑर्डर लिस्टमध्ये लिहिण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

मी म्हणालो, ‘‘हे चार चॅनेलच्या मॉडमध्ये बसवून बघ.’’ तो म्हणाला, ‘‘येडा आहेस का? नुसत्या तबल्याला तीन लागतात.’’ आठवड्याभराने त्याचा मेसेज आला: किक (जड ढोलाचा ठोका) आणि बेस (खालचा घुमणारा सूर) एकाच चॅनेलवर चालतायत.

सम, खाली आणि पहिला चॅनेल

इथे रूपक त्याच्या मदतीला आला. रूपकाचा ठेका: तीं तीं ना, धी ना, धी ना. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीची, टाळी नसलेली. म्हणजे आवर्तन जिथे सुरू होतं तिथेच बाया, डाव्या हाताचा घुमणारा तबला, गप्प. इलेक्ट्रॉनिक संगीतात किक पहिल्या ठोक्यावर ठोकायची हाताला सवय असते. पहिल्या आवृत्तीत त्याने तेच केलं होतं, आणि म्हणूनच ते सात मात्रांचं काहीतरी वाटायचं, रूपक वाटायचं नाही. मॉडमध्ये मांडताना त्याने काकांचा ठेका कागदावर लिहिला आणि किक फक्त ‘धी’वर ठेवली.

मॉड फॉरमॅटमध्ये एका चॅनेलवर नवीन आवाज आला की जुना तिथल्या तिथे तुटतो. मागे विरत राहणं वगैरे काही नाही. किक आणि बेस एका चॅनेलवर ठेवले तर किक दर वेळी बेसचा गळा आवळणार. पण रूपकात पहिल्या तीन मात्रा किक नाहीच. बेस शून्य नंबरच्या ओळीवर सुरू होतो, बारा ओळी मोकळा गातो. बाराव्या ओळीवर, म्हणजे चौथ्या मात्रेवर, किक त्याला कापते. सोळाव्या ओळीला बेस पुन्हा डोकं वर काढतो, विसाव्या ओळीला दुसरी किक. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, पण एकाची दिवसपाळी आणि दुसऱ्याची रात्रपाळी. आणि त्या कापण्यातून जो धक्का बसतो तो चौदा चॅनेलांच्या आवृत्तीत कधीच नव्हता, कारण तिथे बेस किकच्या खालून निवांत वाहत राहायचा. खाली हलकी आणि टाळी जड हे कानाला पहिल्यांदा पटलं.

मॉडचा पॅटर्न ६४ ओळींचा, त्यात फेरफार नाही. त्याला हवी होती दोन आवर्तनं, ५६ ओळी. त्यासाठी ओळ क्रमांक ५५ वर डी०० हा कोड टाकायचा, तिथून गाणं थेट पुढच्या पॅटर्नवर उडी मारतं. उरलेल्या आठ ओळी कधीच वाजत नाहीत, पण फाइलमध्ये असतात, कारण पॅटर्न भरलेला असो वा रिकामा, तो बरोबर १०२४ बाइटच घेतो. त्या न वाजणाऱ्या आठ ओळी त्याने वहीसारख्या वापरल्या. चालीचे सुचलेले तुकडे, नको म्हणून काढलेली एखादी तिहाई, सगळं तिथे ठेवलेलं. कुठल्याही पॅटर्नच्या तळाशी गेलं की त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते दिसतं. माझ्या मते ही अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात चलाख गोष्ट आहे, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

दुसरा चॅनेल तबल्याचा, तिसरा चालीचा, चौथा बाकी सगळ्यांचा. चौथ्यावर गर्दी होणार हे उघड होतं. तिथे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) हवा, टूल चेंजर हवा, एअर गन हवी. तिघं एका वेळी शक्य नाहीत. म्हणजे टूल चेंजर यायचा तर कॉर्डने जायचं. कॉर्ड गेला की चाल उघडी पडते, मग चाल त्या ठिकाणी एकटी उभी राहण्याइतकी भक्कम हवी. चाल बदलली की पुढचा पॅटर्न बदलतो. जो ऑर्डर लिस्टकडे ढुंकून बघत नव्हता, तो आता कोण कुठे येणार आणि कोण जाणार याच्या याद्या करायला लागला. तुकड्याचं गाणं होणं सुरू झालं ते इथे. आधीचे कित्येक महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही, सॅम्पलं त्यातच तयार झाली. पण रचना म्हणून जे काही आहे ते या वाटणीतून आलं.

कॉर्डसाठी त्याने अर्पेजिओ वापरला. कोड ०४७: मूळ स्वर, मूळ स्वराच्या चार अर्धस्वर वरचा आणि सात अर्धस्वर वरचा, हे तीन स्वर इतक्या भराभर आलटून पालटून वाजतात की कानाला एकत्र ऐकू येतात. सा सी वर धरला तर हे सा-ग-प, भूपातलेच. धैवतावरून ०३७ दिला तर ध-सा-ग, तेही भूपातले. की-जनरेटरच्या खिडकीतून यायचा तो टिपिकल किरकिरा आवाज हाच.

रिव्हर्ब गेला, त्याची जागा जुन्या युक्तीने घेतली. चालीत जिथे तीन-चार ओळी रिकाम्या आहेत तिथे आधीचाच स्वर पुन्हा लिहायचा, सी१० कोड देऊन. आवाजाची कमाल पातळी इथे ६४ आणि हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पद्धतीने लिहिले जातात (१० म्हणजे सोळा), म्हणजे सी१० हा पूर्ण आवाजाचा चौथा हिस्सा. हाताने लिहिलेला प्रतिध्वनी. प्लगिनपेक्षा मला तो जास्त आवडतो, कारण चाल दाट झाली की तो आपोआप नाहीसा होतो.

मींड आणि तबला यांचं भांडण

आता खरं डोकं खाणारा भाग. भूप म्हटला की गंधारावरून पंचमावर घसरत जाणारी मींड आली. ट्रॅकरमध्ये त्यासाठी ३ हा इफेक्ट आहे. अमिगाच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला एक आकडा असतो, त्याला पीरियड म्हणतात: ई-२ (आपला ग) चा ३३९, जी-२ (प) चा २८५. ग ते प म्हणजे ५४ घरं. नेहमीच्या चालीत, वेग ६ आणि टेंपो १२५, एक ओळ १२० मिलिसेकंदांची असते आणि तिचे सहा टिक, म्हणजे सारखे भाग, पडतात, त्यांतल्या पाचांवर स्वर सरकतो. ३०५ दिला तर ओळीमागे २५ घरं, म्हणजे मींड दोन ओळींहून किंचित जास्त घेते. कानाला बरोबर बसली. वरच्या सप्तकात हाच आकडा दुप्पट वेगाने पळतो, कारण तिथे ग ते प अंतर फक्त २७ घरांचं. तारसप्तकासाठी वेगळे आकडे. इथवर ठीक.

पण तबला मेलेला वाजत होता. प्रत्येक बोल ओळीवर, नेमका, सरकारी. ओळीच्या आत आवाज मागे ढकलायला ईडी हा कोड आहे: ईडी१ म्हणजे एक टिक उशिरा. एक टिक २० मिलिसेकंदांचा. तबल्यातल्या हलक्या ‘ना’साठी ते फार. ईडी१ दिला की बोल लंगडतो, न दिला की ताठ उभा. त्याला दहा मिलिसेकंदांच्या आसपास हवं होतं.

यावर उपाय आहे. टेंपो २५० करायचा आणि वेग १२. ओळ १२० मिलिसेकंदांचीच राहते, पण तिचे बारा टिक होतात, प्रत्येक दहाचा. त्याने ते केलं, तबल्याच्या ओळींवर बारीक ईडी पेरले, आणि तबला श्वास घ्यायला लागला. मग चाल लावली आणि सगळ्या मींडा बिघडलेल्या. साहजिकच होतं. आता ओळीत अकरा टिकांवर स्वर सरकतो, तर ३०५ म्हणजे ओळीमागे ५५ घरं, अख्खी मींड एका ओळीत उरकते, उचकी लागल्यासारखी. ३०३ दिला तर अजूनही घाई, ३०२ दिला तर रेंगाळते. पूर्वीचं ते दोन ओळींहून किंचित जास्त आता कुठल्याच पूर्ण आकड्यात मिळेना. शेवटी त्याने पहिल्या ओळीला ३०२, दुसरीला ३०३ अशी जोडणी केली. बाविसात तेहतीस मिळवले की ५५. मींड सुरुवातीला हळू आणि शेवटी जरा झपकन पोचते. गाणारा माणूसही तसंच करतो असं मी म्हणालो. तो म्हणाला, ‘‘तू उगाच समजूत घालू नकोस.’’

अर्पेजिओही दुप्पट वेगाने फिरायला लागला आणि त्याची किरकिर इतकी वाढली की मच्छर मारायची रॅकेट चालू आहे असं वाटावं. मग त्याने जुन्या वेगावर वाजवलेल्या कॉर्डचंच सॅम्पल करून टाकलं. फाइल थोडी वाढली, पण चॅनेल तेवढाच लागतो.

आणखी एक अडचण वरून किरकोळ दिसते, पण तिने त्याच्या बऱ्याच रात्री खाल्ल्या. मॉडमध्ये एका ओळीत एका चॅनेलला एकच इफेक्ट. आवाजाची पातळी ठरवणं हाही इफेक्टच. म्हणजे ‘ना’ उशिरा हवा आणि हळूही हवा, तर एकाच ओळीत दोन्ही लिहिता येत नाही. तोड म्हणून त्याने प्रत्येक बोलाच्या दोन-दोन प्रती केल्या, एक पूर्ण आवाजाची आणि एक मूळ पातळीच कमी ठेवलेली. हळू बोल हवा तर दुसऱ्या प्रतीचा नंबर टाकायचा आणि इफेक्टचा रकाना उशिरासाठी मोकळा. ३१ सॅम्पलांची मर्यादा आहे, त्यातली बरीच तबल्यानेच खाल्ली. दायां काळी एकच्या खाली बसला होता तो फाइनट्यूनने चालीशी जुळवला. फाइनट्यूनचं एक घर म्हणजे अर्धस्वराचा आठवा भाग. तेच वापरून त्याने ग आणि ध साठी चालीच्या सॅम्पलची एक घर उतरवलेली प्रतही ठेवली, कारण पेटीचा ग त्याला चढा लागतो. मींडेच्या जागी मात्र मूळ प्रतच वापरली, नाहीतर प वर पोचताना सूर खाली राहतो.

बाहेर पडल्यावर

रचना तीन मिनिटांच्या आसपास भरली. आम्हा मित्रांत फाइल फिरली तेव्हा पहिली तक्रार आली ती बसमध्ये एका कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याची: बेसच नाही. अमिगात पहिला आणि चौथा चॅनेल डावीकडे, दुसरा-तिसरा उजवीकडे, आणि मित्राने हौसेने ती कडक वाटणी तशीच ठेवली होती. उजव्या कानात नुसता तबला आणि चाल. निर्यात करताना स्टीरिओची फारकत कमी केली, प्रश्न मिटला. सॅम्पलांच्या नावांसाठी २२ अक्षरांची जागा असते. जुने लोक तिथे संदेश लिहायचे, तशी यानेही काकांचं आणि त्या शेडवाल्याचं नाव घालून ठेवली आहेत.

यावरून ‘मर्यादा घाला, सर्जनशीलता फुलेल’ असा निष्कर्ष कोणी काढला तर मी सहमत नाही, आणि त्याचं कारण त्याच्याच पुढच्या रचनेत आहे. उत्साहाच्या भरात त्याने लगेच केहरव्यात दुसरी रचना घेतली, तेच चार चॅनेल, तीच वाटणी. केहरव्यात समेवरच ‘धा’, बाया खणखणीत. किक समेवर आली आणि बेसलाही समेवरच यायचं होतं. पहिल्या चॅनेलवरची पाळी जमेना. बेस एक ओळ मागे ढकलला तर सगळा ठेका मागे लोंबकळतो, किक आणि बेसचं मिळून एकच सॅम्पल केलं तर प्रत्येक स्वराला वेगळं सॅम्पल लागतं आणि ३१ची मर्यादा आडवी येते. बेस चौथ्या चॅनेलवर नेला तर कॉर्ड गेला. महिनाभर हुज्जत घालून त्याने ती रचना आठ चॅनेलांवर नेली.

आठांवर ती बरी चालली आहे. फक्त परवा फाइल उघडली तर सातव्या आणि आठव्या चॅनेलवर त्याने कूलंटचा फवारा पहिल्या पॅटर्नपासून शेवटपर्यंत भरून ठेवला होता. मी काही बोललो नाही, ते दोन्ही चॅनेल बंद करून त्याला ऐकवले. त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, ‘‘एकच बंद कर. दुसरा लागतो.’’